बारा अब्जांचा डोंगर

३ फेब्रुवारी

आज प्राचार्यांनी बोलावून घेतलं. स्वतः उठून दार उघडलं, चहा मागवला, तेव्हाच समजलो की फुकटचं काम गळ्यात पडणार. तसंच झालं. महाविद्यालयाच्या नव्या ग्रंथालयाचं उद्घाटन पुढच्या महिन्यात आहे, त्याच दिवशी माझ्या सासऱ्यांचा सत्कार, आणि स्मरणिकेत मी सासऱ्यांच्या संख्येच्या गुणधर्मांवर लेख लिहायचा.

"तुमच्याइतका अधिकारी माणूस दुसरा कोण?" प्राचार्य म्हणाले. हे गृहस्थ रसायनशास्त्राचे. संख्या त्यांना पगाराच्या दिवशी भेटते तेवढीच.

ती संख्या इथे एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे हात मोकळा: १२४६७९७६४२१. बारा अब्ज सेहेचाळीस कोटी एकोणऐंशी लाख शहात्तर हजार चारशे एकवीस. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, सारखीच. आकडे एकपासून नऊपर्यंत चढतात आणि तसेच उतरतात, म्हणून सगळे तिला 'डोंगर' म्हणतात आणि सासऱ्यांना 'डोंगर सर'. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी, तरुण प्राध्यापक असताना, त्यांनी एकेक भागाकार हाताने करून सिद्ध केलं की ही मूळ संख्या आहे: एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय तिला कशानेही भाग जात नाही. दहा हजारांवर भागाकार. अडीच वर्षं. तेव्हापासून डोंगर महाविद्यालयाच्या बोधचिन्हात आहे, वह्यांच्या पुठ्ठ्यांवर आहे, प्राचार्यांच्या चहाच्या कपावरसुद्धा आहे. खाली ब्रीदवाक्य: 'अविभाज्य'.

मी सासऱ्यांचा विद्यार्थी, मग सहकारी, मग जावई. अठ्ठावीस वर्षं या डोंगराच्या सावलीत काढली. मी स्वतः लिहिलेले शोधनिबंध कुठे आहेत, हे कोणी विचारत नाही.

हो म्हणालो. जूनमध्ये विभागप्रमुखाची जागा रिकामी होते आहे.

८ फेब्रुवारी

लेखाला सुरुवात केली. गुणधर्म म्हणे. कुठलीही संख्या समोर घ्या, तिला दागिने घालता येतात. लग्न जमवणाऱ्या मावशीला जशी कुठलीही मुलगी घरकामात हुशार वाटते, तसंच हे. डोंगराच्या आकड्यांची बेरीज एकोणपन्नास, म्हणजे सात गुणिले सात. वा. तिच्यात तीन, पाच, आठ आणि शून्य नाहीत. माझ्या दूरध्वनी क्रमांकात दोन आणि सहा नाहीत, मला कोणी सत्काराला बोलावत नाही.

ही दवाखान्यातून आली (ही दातांची डॉक्टर आहे), पर्स ठेवता ठेवता खांद्यावरून डोकावली आणि आकडे गुणगुणायला लागली. एक, दोन, चार, सहा, सात, नऊ. मग उलटे. लहानपणी बाबा तिला कडेवर घेऊन जिना चढताना पहिले सहा म्हणायचे आणि उतरताना पुढचे.

"लेखात घाला हे," म्हणाली.

मी सांगितलं, हा गणिताचा लेख आहे, अंगाईगीतांचा नाही. ती आत गेली. चहा मलाच करून घ्यावा लागला. हल्ली हिला कशाचंही वाईट वाटतं.

११ फेब्रुवारी

आज जे झालं ते सावकाश लिहितो.

एक तळटीप हवी होती: 'आधुनिक संगणकानेही या सिद्धतेवर शिक्कामोर्तब केले आहे.' असं वाक्य शोभतं. शोभेसाठी का होईना, खरं असावं, म्हणून विभागातल्या संगणकावर संख्या घातली आणि कळ दाबली. पापणी लवायच्या आत उत्तर आलं.

१११२११ × ११२१११.

वाटलं, आकडा चुकीचा घातला. पुन्हा घातला. मग कागदावर गुणाकार केला, सहा ओळी, बेरीज. डोंगर उभा राहिला, शेवटच्या एकसकट. म्हणजे डोंगर मूळ संख्या नाही. कधीच नव्हती. डोंगराला भाग जातो.

पन्नास वर्षं. तीन प्राचार्य, दोन बोधचिन्हं, आणि आता नव्या ग्रंथालयाच्या दारावर एक अख्खी दगडी चौकट. शेकडो प्राध्यापक 'अविभाज्य' लिहिलेल्या कपातून चहा प्यायले आणि एकालाही ही कळ दाबावीशी वाटली नाही. सगळे माना डोलवणारे. मी होतो म्हणून हे सापडलं.

दोन्ही अवयव एकमेकांचे उलटे आहेत, हे नंतर लक्षात आलं. एक शेवटाकडून वाचला की दुसरा. क्षणभर बरं वाटलं बघायला. पण असे योगायोग असतातच.

१२ फेब्रुवारी

कोणालाही सांगितलेलं नाही. विचार केला आणि ठरवलं: सत्काराच्या दिवशी, व्यासपीठावरून. गणितात सत्य चार भिंतींत कुजबुजायचं नसतं. लेख वाचून दाखवायचा, गुणधर्म एकेक सांगत जायचे, आणि शेवटचा गुणधर्म हा. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल.

यात वैयक्तिक काही नाही.

१७ फेब्रुवारी

सासऱ्यांकडे जाऊन आलो. लेखासाठी दोन शब्द घ्यायला, असं हिला सांगितलं. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर भिंग, पायावर शाल. डोळे जवळजवळ गेले आहेत, पण आवाज अजून वर्गात घुमायचा तसाच. मला अजूनही अरे-तुरे करतात.

"लेख लिहितोयस म्हणे."

"हो सर."

"मग शेवटचे भागाकार बघितलेस का? वर्गमुळाजवळचे? ते मी घाईत केले होते. कोणीतरी पुन्हा करायला हवेत, असं मी तेव्हापासून म्हणतोय."

हे ते दरवर्षी म्हणतात. माझ्या लग्नाच्या जेवणातसुद्धा म्हणाले होते. मोठ्या माणसांना अशी नम्रता परवडते. समोरच्याने 'छे छे सर, तुमचं कसं चुकेल' म्हणावं, एवढ्यासाठी टाकलेला गळ असतो तो.

"बघितले की," मी म्हणालो. "उत्तम आहेत."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे म्हणजे मी बसलो होतो त्या दिशेला. मग म्हणाले, "बरं." चेहरा पडल्यासारखा वाटला. कौतुक आणखी भरघोस हवं होतं बहुतेक.

२१ फेब्रुवारी

प्राचार्यांनी नवी चौकट बघायला नेलं. ग्रंथालयाच्या दारावर लांब पाषाण, त्यावर हातभर उंचीचे अकरा आकडे, खाली 'अविभाज्य'. पाथरवट परांचीवर उभा राहून 'ज्य' घासत होता. प्राचार्य असे बघत होते, जणू आकडे त्यांनी स्वतःच मोजून आणले.

मला राहवलं नाही. बाजूला घेऊन सांगितलं. कागद दाखवला. वाटलं होतं, माणूस घाम पुसेल. त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्याच खिशात परत सरकवली.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"नाही."

"मग घाई कसली? संख्या कुठे पळून जात नाही. कार्यक्रम होऊ द्या, पाहुणे जाऊ द्या, मग बघू." आणि जिना उतरताना, अगदी सहज: "विभागप्रमुखाच्या जागेसाठी समंजस माणूस हवाय आम्हाला."

असल्या माणसाच्या हातात शिक्षण आहे. बोलण्यासारखं समोर कोणी नव्हतंच.

२४ फेब्रुवारी

लेखाचे दोन शेवट तयार आहेत. एकात अवयव आहेत, एकात नाहीत. दोन्ही चांगले उतरले आहेत. शैली म्हणून दुसरा जरा सरस आहे.

२५ फेब्रुवारी

आज घरात वादळ. हिने दोन्ही शेवट वाचले. मी टेबलावर ठेवून अंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तेव्हा ती उभीच होती आणि कागदाच्या कडेला तिने तोच गुणाकार केलेला होता. नीट, सहाच्या सहा ओळी.

"कधीपासून माहीत आहे?"

"झाले काही दिवस."

"म्हणजे बाबांकडे गेलात तेव्हा माहीत होतं."

"सत्य जाहीरपणे मांडायचं असतं," मी म्हणालो. "तू भावनेच्या भरात—"

"मी भावनेच्या भरात नाहीये. किडलेला दात मी रोज काढते. खुर्चीत बसलेल्या माणसाला सांगते आणि काढते. गावाला जमवून नाही काढत. आणि मला बढती मिळेल म्हणून आत ठेवूनही देत नाही." तिने दुसरा शेवट माझ्यासमोर धरला. "ते तुम्हाला दरवर्षी विचारतात. तपासलंस का, विचारतात. तुम्हाला खरंच वाटतं, त्यांना शाबासकी हवी असते?"

मी म्हणालो, वाटतं काय, तसंच आहे.

"उद्या सकाळी आपण दोघं जायचं. तुम्ही सांगायचं. नाहीतर मी सांगेन, आणि तुम्ही सांगितलं नाहीत हेही सांगेन."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. एका संख्येवरून. तिच्या घराण्यात प्रमाणाचं भान कोणालाच नाही.

२६ फेब्रुवारी

सांगितलं.

जाताना मी काही वाक्यं जुळवून ठेवली होती. वयाच्या मानाने धक्का सौम्य हवा. 'त्या काळी साधनं नव्हती' वगैरे. सासऱ्यांचा रक्तदाब हिने आधीच तपासून घेतला. मी म्हणालो, "सर, डोंगराला भाग जातो."

ते म्हणाले, "कशाने?"

"एक लाख अकरा हजार दोनशे अकरा."

"सावकाश. आकडे सांग."

"एक, एक, एक, दोन, एक, एक."

"आणि दुसरा?"

"एक, एक, दोन, एक, एक, एक."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मी हिच्याकडे बघितलं, तर ती माझ्याकडे बघायला तयार नाही. बराच वेळ गेला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, कामवाल्या बाईंनी तो बंद केला. मग त्यांचा चेहरा बदलायला लागला. मला वाटलं, आता रडतील. खांदे हलत होते. ते हसत होते.

"उलटा आहे," ते म्हणाले. "अरे, उलटा आहे तो. तोच आकडा, उलटा." भिंग मांडीवरून खाली पडलं, त्यांना कळलंही नाही. "इतकी वर्षं मी या संख्येला एकटी समजत होतो."

मग हिला कागद घ्यायला लावला आणि गुणाकार मोठ्याने म्हणत करायला लावला, प्रत्येक ओळीला 'हं' म्हणत. बेरजेच्या वेळी मधला नऊ आला तेव्हा त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"शेवटचे चाळीसेक भागाकार राहिले होते," ते तिला म्हणाले. "तुझ्या आईला रुग्णालयात नेलं होतं. तू यायची होतीस. मी तिथल्या बाकावर बसून उरकले. आतून बोलावलं, की उठायचो, परत येऊन बसायचो. मला नेहमी वाटायचं, तिथेच काहीतरी राहिलंय."

"म्हणजे माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कशाला? तू वेळेवर आलीस. भागाकार मी चुकलो."

मग माझ्याकडे वळले. "कसं सापडलं तुला?"

"संगणकावर."

"किती वेळ लागला?"

"काहीच नाही. पापणी लवते तेवढा."

"आणि तपासायला एवढी वर्षं का लागली?"

आवाजात राग नव्हता. खरंच कुतूहल होतं. वयोमानाने माणसाला काय विचारावं आणि काय नाही, याचा पोच राहत नाही. मी म्हणालो, कामाचा व्याप असतो. ते "हो, असतो," म्हणाले आणि पुन्हा हिला पहिली ओळ वाचायला सांगितली.

त्यांना एवढा आनंद व्हायचं कारण मला अजून समजलेलं नाही. पन्नास वर्षांची कीर्ती गेली, आणि हा माणूस जेवताना दोनदा भात मागतो.

७ मार्च

सत्कार पार पडला. सभागृह खचाखच. माझं भाषण कार्यक्रमपत्रिकेत चौथं होतं. तिसऱ्यालाच सासऱ्यांनी माईक मागून घेतला.

"माझी संख्या मूळ नाही," ते म्हणाले. "मी चुकलो होतो. माझ्या जावयाने दाखवून दिलं." आणि मग अर्धा तास, समोर कागद नसताना, दोन्ही अवयव, ते उलटे कसे, गुणाकारात हातचा एकदाही का येत नाही, सगळं फळ्यावर असल्यासारखं सांगितलं. मी जुळवून ठेवलेली शांतता त्यांनी फुकटात मिळवली. खरोखरच टाचणी ऐकू आली असती. नंतर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कोणासाठी? चुकलेल्या माणसासाठी.

प्राचार्य तर बघण्यासारखे होते. सासरे बसायच्या आत ते माईकपाशी पोचले होते. "हाच आमच्या संस्थेचा संस्कार," म्हणाले. "चूक मान्य करण्याचं धैर्य." त्या धैर्याचा कागद त्यांनी माझ्या खिशात कोंबला होता, हे सांगायला मी उठणार होतो. पण ही शेजारी बसलेली, आणि बऱ्याच दिवसांनी तिने माझ्या हातावर हात ठेवला होता. राहू दिलं.

चौकटीचं काय करायचं, यावर तिथेच चर्चा झाली. नवा पाषाण घ्या, झाकून टाका, संख्याच बदला. सासरे म्हणाले, "कशाला? पुढचा 'अ' काढून टाका." पाथरवटाला बोलावलं. तो म्हणाला, एकच अक्षर आहे, सकाळचं काम. आता ग्रंथालयाच्या दारावर डोंगर आहे, खाली एक ओरखडलेली मोकळी जागा, आणि पुढे 'विभाज्य'. असलं ब्रीदवाक्य जगात दुसऱ्या कुठल्या संस्थेचं नसेल.

माझा लेख छापून आला. कुठला शेवट, ते आता महत्त्वाचं नाही. कोणी वाचलेला दिसला नाही.

१९ मार्च

विभागप्रमुखपद संख्याशास्त्रवाल्या बाईंना जाणार, असं कळलं. समंजस आहेत म्हणे.

सासरे रोज निरोप पाठवतात. आज कटकट मिटावी म्हणून गेलो. त्यांना आता आणखी तशा जोड्या हव्या आहेत: एक मूळ संख्या, तिची उलटी संख्याही मूळ, आणि दोघींचा गुणाकार डोंगरासारखा दोन्हीकडून सारखा. त्यांनी डोक्यात एक शोधून ठेवली होती. १०२१ आणि १२०१. गुणाकार १२२६२२१. टेकडी म्हणायची तर म्हणा. मी म्हणालो, शाळेतल्या मुलांचा खेळ आहे.

"असेल," ते म्हणाले. "मग सांग, असं कधी होतं आणि कधी नाही?"

घरी येताना सुचलं. हातचा आला नाही तर दोन्हीकडून सारखं होणारच. आणि सगळ्यांत मोठा आकडा मध्यभागी येतो, तो म्हणजे आकड्यांच्या वर्गांची बेरीज. डोंगराच्या अवयवात पाच एक आणि एक दोन. पाच अधिक चार, नऊ. नऊच्या वर गेलं असतं तर हातचा आला असता आणि डोंगर कोसळला असता. अगदी काठावर उभा आहे तो. पन्नास वर्षं लोक हा नऊ कपावर बघत होते आणि तो कुठून आला हे कोणालाच माहीत नव्हतं.

२२ मार्च

तीन दिवस त्यावर बसलो. महाविद्यालयातून आलो की टेबल. ही चहा आणून ठेवते, काही विचारत नाही. आज पक्कं झालं: वर्गांची बेरीज नऊपर्यंतच हवी, म्हणजे संख्येत जास्तीत जास्त नऊ आकडे, म्हणजे अशा जोड्या मोजक्याच, आणि त्यांची यादी संपणारी. छोटं आहे, पण स्वच्छ आहे, आणि माझं आहे. फार वर्षांनी असं काही हाताला लागलं. नीट उतरवून काढलं. उद्या म्हाताऱ्याला वाचून दाखवतो.

२३ मार्च

दार त्यांनीच उघडलं, भिंत चाचपत. मी चप्पल काढता काढता सांगितलं. नऊपर्यंतच, म्हणून जास्तीत जास्त नऊ आकडे, म्हणून मोजक्याच.

"शून्याचा वर्ग किती?" त्यांनी विचारलं.

मी एक पाय चपलेत, एक बाहेर, असा उभा.

"शून्यं हवी तितकी घाल. बेरीज वाढत नाही. संख्या कितीही लांब होईल. एक शून्य दोन एकमध्येच शून्य आहे, ते विसरलास. चुकलंय तुझं."

झालं. तीन दिवसांचं काम उंबऱ्यातच निकालात. आत बोलावणं नाही, पाणी विचारणं नाही, तब्येत कशी आहे नाही. मी म्हणालो, बसून शांतपणे सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"कशाला?" ते म्हणाले. "तेवढा वेळ तू चूकच बरोबर समजून बसला असतास."

खडूस माणूस. तसाच परत आलो. रस्ताभर मनात उत्तरं देत होतो.

दारात आम्ही दोघंच होतो. तिसरं कोणी नव्हतं. हे मी का लिहितोय, माहीत नाही.

शून्यं धरली तर प्रश्न फारच मोठा होतो. आता जोड्या संपतात की नाही, हेच सांगता येत नाही. हिने विचारलं, बाबा काय म्हणाले. मी म्हणालो, चुकलंय म्हणाले. ती म्हणाली, "मग?"

उद्या सकाळी पुन्हा जातोय.